पुढचं मागण्याआधी मागचं सांगा: देणगीदार आणि व्हॉलंटियरशी संस्थेनं बोलायचं कसं

कुठल्याही छोट्या संस्थेनं वर्षभरात लोकांना पाठवलेले मेसेज एकाखाली एक लावून बघा, बहुतेक वेळा तीनच प्रकार सापडतात. मदत हवी आहे, कार्यक्रम आहे नक्की या, आणि शुभेच्छा. ज्यानं सहा महिन्यांपूर्वी पैसे दिले त्याला त्या पैशाचं पुढे काय झालं हे सांगणारा मेसेज त्यात नसतोच, आणि ज्या व्हॉलंटियरनं सुट्टीचे दोन दिवस घालवून सर्व्हेचे फॉर्म भरून दिले तिला ते फॉर्म कुठे वापरले गेले याचा पत्ताच नसतो. मग हळूहळू माणसं गळतात आणि संस्थेत चर्चा होते की हल्ली लोकांना आस्था राहिली नाही. माझं म्हणणं असं आहे की आस्था असते म्हणूनच तर त्यांनी पहिल्यांदा दिलं, दुसऱ्यांदा द्यावं असं वाटायला आपण त्यांना काही कळवलंच नाही.

म्हणून सगळ्या लेखाचं सूत्र एकच, पुढचं मागण्याआधी मागचं काय झालं ते सांगा. कुठलं ॲप वापरायचं, किती मेसेज पाठवायचे, फोटो टाकायचा की नाही, हे सगळं त्यानंतर.

पहिलं काम: यादी

कंटाळवाणं आहे पण इथूनच सुरुवात करावी लागते. बऱ्याच ठिकाणी देणगीदारांची यादी म्हणजे एका ट्रस्टींच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, थोडी पावतीपुस्तकं आणि कोणीतरी कधीतरी बनवलेली अर्धवट शीट. हे सगळं एका शीटमध्ये आणा, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, साधी ऑनलाइन स्प्रेडशीट पुरते, फक्त ती एका माणसाच्या खासगी अकाउंटवर नको, संस्थेच्या अकाउंटवर हवी, म्हणजे तो माणूस सोडून गेला तरी यादी जात नाही.

कॉलम कोणते ठेवायचे? नाव, आणि त्यांना हाक कशी मारायची (काहींना ताई-दादा चालतं, काहींना सर-मॅडमच हवं असतं, काहींना नुसतं नाव), कोणाच्या ओळखीनं आले, पहिल्यांदा कधी दिलं, शेवटचं कधी दिलं, नेमकं कशासाठी दिलं, फोन आवडतो की मेसेज की ईमेल, मेसेज पाठवायला त्यांनी हो म्हटलंय का. आणि यात एक कॉलम असा टाका जो जवळपास कोणाच्याच शीटमध्ये नसतो, "काही न मागता आपण यांच्याशी शेवटचं कधी बोललो". महिन्यातून एकदा शीट या कॉलमवर सॉर्ट करा. सगळ्यात जुनी तारीख असलेली माणसं वर येतील आणि कोणाला आधी कळवायचं हे आपोआप समजेल. एवढ्या एका सवयीनं खूप फरक पडतो.

यादी साफ करताना एकच माणूस दोनदा आहे का ते बघा, आणि कोणी वारलं असेल तर नाव ताबडतोब बाजूला काढा. गेलेल्या माणसाच्या नावानं घरी देणगीचं आवाहन पोचणं हे त्या घरच्यांना किती लागतं याची कल्पना करा.

मग गट पाडा. पहिल्यांदा दिलेले, नियमित देणारे, पूर्वी द्यायचे पण थांबलेले, व्हॉलंटियर, आणि वेळ-पैसा दोन्ही देणारे. हा शेवटचा गट वेगळा ठेवाच, कारण दर आठवड्याला येऊन काम करणाऱ्या माणसाला "आमच्या संस्थेची ओळख" असं सुरू होणारं सर्वसाधारण आवाहन गेलं तर त्याला वाटतं की यांना मी कोण आहे हेसुद्धा माहीत नाही.

आभार, दोन दिवसांच्या आत

पावती म्हणजे आभार नव्हेत. पावती हिशेबाचा कागद आहे, ती सिस्टीममधून आपोआप गेली तरी चालते. आभाराचा मेसेज माणसानं लिहावा आणि पैसे आल्यापासून दोन दिवसांत जावा, आठवडा उलटला की त्यातला जीव जातो.

नेहमीचा मेसेज असा असतो: "आपण दिलेल्या उदार देणगीबद्दल संस्था आपली ऋणी आहे. आपले सहकार्य असेच कायम राहो." यात देणाऱ्याचं काहीच नाही, नाव बदलून कोणालाही पाठवता येईल. त्याऐवजी असं लिहून बघा:

"नमस्कार ताई, तुमची देणगी काल मिळाली, पावती वेगळी पाठवली आहे. तुम्ही वाचनालयासाठी दिली आहे तर ती मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांसाठी वापरतोय, नजर कमी झालेले बरेच आजी-आजोबा इथे येतात आणि त्यांना वाचण्यासारखं फार कमी आहे. पुस्तकं महिनाअखेरीस येतील, आली की कळवतो. काही विचारायचं असेल तर याच नंबरवर बोला, मी हे काम बघतो."

यात तीन गोष्टी आहेत. पैसे कुठे चाललेत, पुढची बातमी कधी येईल, आणि बोलायचं कोणाशी. आणि एक गोष्ट मुद्दाम नाही, ती म्हणजे पुन्हा मागणं. आभाराच्या मेसेजमध्ये "दरमहा देणगीदार व्हा" ही लिंक घालू नका, त्यासाठी पुढे वेळ आहे.

आता आभाराचा फोन केला की लोक पुन्हा देतातच असंही धरून चालू नका. अमेरिकेत सार्वजनिक टीव्ही स्टेशन्सच्या लाखो देणगीदारांवर काही वर्षं प्रयोग झाला, काहींना आभाराचे फोन गेले, काहींना नाही, आणि पुढच्या देणग्यांमध्ये फरक दिसला नाही. फोन करू नका असा याचा अर्थ मी घेत नाही, आभार मानणं आपलं कर्तव्यच आहे. पण नुसतं "थँक्यू" म्हणून काम संपत नाही. वरच्या मेसेजमध्ये "आली की कळवतो" असं लिहिलंय ना, ते खरंच कळवणं, तिथे सगळी मेहनत घालायची.

काय झालं ते सांगायचं कसं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा लांबतो.

देणगी किंवा मोहीम संपल्यावर तीन महिन्यांच्या आत एक तरी बातमी गेली पाहिजे. ती लांबलचक अहवालासारखी नको, दहा-बारा ओळी आणि एक-दोन फोटो बस. ठरलं काय होतं, झालं काय, आणि काय राहिलं, एवढं त्यात हवं.

आकडे द्यायचे की गोष्ट सांगायची, यावर संस्थांमध्ये कायम वाद होतो. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी यावर प्रयोग केला होता. काही लोकांना एका मुलीची माहिती दिली, काहींना लाखो लोकांच्या उपासमारीची आकडेवारी, आणि काहींना दोन्ही एकत्र. एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी सगळ्यात जास्त दिलं, आणि तिच्या माहितीला आकडेवारी जोडल्यावर देणगी वाढली नाही, उलट कमी झाली. मी यातून असं घेतो की मन वळवायला एका माणसाची हकिकत पुरते, पण विश्वास टिकवायला आकडे लागतातच, मग दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबायचे कशाला. आवाहनात एक माणूस ठेवा, नंतरच्या हिशेबात आकडे द्या.

पण या एका माणसाबद्दल फार जपून वागायला हवं, कारण ती त्याची गोष्ट आहे, आपली नाही. युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांच्या कॉनकॉर्ड या महासंघानं २००६ मध्ये फोटो आणि मजकुरासाठी आचारसंहिता केली, तिचा गाभा हाच आहे की ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांचा सन्मान राखायचा, त्यांना बिचारं करून दाखवायचं नाही. प्रत्यक्षात करायचं काय तर फोटो काढण्याआधी त्यांच्या भाषेत सांगा की हा फोटो कुठे कुठे जाणार, "नाही म्हणालात तरी मदत थांबणार नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि नंतर मत बदललं तर फोटो काढून टाकू असं सांगून तसं खरंच करा. लहान मुलांच्या बाबतीत नाव बदला, गणवेशावरचा बिल्ला, शाळेची पाटी, घराचा पत्ता यातलं काही फोटोत दिसत नाही ना ते बघा. आणि छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवा. मी तर म्हणेन की तो माणूस शेजारी बसून ऐकतोय अशा कल्पनेनं लिहावं, अर्धे रडके शब्द आपोआप गळून पडतात.

आकडे देताना "५०० लोकांपर्यंत पोचलो" हे वाक्य शक्यतो टाळा, पोचलो म्हणजे काय केलं? "३२ जणांनी शिवणाचा कोर्स सुरू केला, २४ जणांनी पूर्ण केला, त्यातल्या ९ जणी आता घरून काम घेतात" असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं, आणि मधल्या आठ जणांचं काय झालं हा प्रश्नही पडतो, तो पडू द्या आणि उत्तर द्या.

वाईट बातमीसुद्धा सांगायची. इंजिनीअर्स विदाउट बॉर्डर्स या विकासकाम करणाऱ्या संघटनेच्या कॅनडातल्या संस्थेनं २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा अहवाल काढायला सुरुवात केली होती, काय चुकलं आणि काय शिकलो ते उघड लिहायचं. इतकं मोठं करायची गरज नाही पण काम अडलं असेल तर देणगीदाराला ते आपल्याकडूनच कळायला हवं. साधंच लिहायचं: "पाण्याची टाकी मार्चमध्ये पूर्ण होणार होती, जागेच्या परवानगीत अडकली आहे. तुमचे पैसे वेगळ्या खात्यात तसेच आहेत. दोन महिन्यांत परवानगी आली नाही तर दुसरी जागा बघू आणि तेव्हा पुन्हा कळवू." हा मेसेज पाठवायला धीर लागतो, पण न पाठवता गप्प बसलो तर त्या शांततेचा लोक वाटेल तो अर्थ लावतात.

आणि तो कायमचा प्रश्न, "माझ्या पैशातले किती ऑफिसवर जातात?" यावर बचावात्मक होऊ नका. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी, ज्या स्वतः संस्थांची माहिती तपासून देणगीदारांसमोर ठेवतात, देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. तरी मी म्हणेन की टक्केवारी सांगाच, आणि तो खर्च कशाचा ते सांगा. हिशेबनीसाचा पगार, ऑडिट, जागेचं भाडं, प्रवास. पगार दिल्याशिवाय काम होत नाही हे लोकांना कळतं, लपवलं की मात्र शंका येते.

मागायचं कसं

आता मागण्याचं. एका मेसेजमध्ये एकच मागणी. पैसे द्या, व्हॉलंटियर व्हा, पेज लाइक करा आणि कार्यक्रमाला या, असं चारही एकत्र लिहिलं तर वाचणारा एकही करत नाही.

रक्कम आणि तिचा उपयोग जोडून सांगा, मुदत खरी असेल तरच लिहा. दर महिन्याला "आज शेवटचा दिवस" असेल तर चौथ्या महिन्यात कोणी वाचत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर उरलेले कुठे जातील हे मागतानाच लिहून ठेवा, आणि लक्ष्य पूर्ण झालं की त्याच दिवशी "झालं, आता पाठवू नका" असा मेसेज टाका. लोक हा मेसेज फार लक्षात ठेवतात.

अचानक खूप पैसे आले तर हिशेबाची जबाबदारीही तितकीच वाढते. २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजमध्ये (डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं आणि देणगी द्यायची) एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे साधारण साडेअकरा कोटी डॉलर जमले, आणि मग संशोधनाला किती, रुग्णांच्या सेवेला किती, हे त्यांना जगाला सांगत राहावं लागलं. लहान संस्थेलाही एखादी व्हायरल पोस्ट या जागी आणू शकते, म्हणून अशा वेळी पहिल्या आठवड्यातच "किती आले, कुठे ठेवलेत, ठरवणार कोण" एवढं जाहीर करा.

गिव्हिंग ट्यूजडेसारखे दिवस (देणगी देण्याचा दिवस, २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला येतो) असतात तेव्हा सगळ्याच संस्था मागत असतात. त्या दिवशी जुन्या देणगीदारांना काहीच न मागता फक्त वर्षाची बातमी पाठवून बघा.

व्हॉलंटियरशी बोलणं वेगळं असतं

देणगीदाराला निकाल कळवायचा असतो, व्हॉलंटियरला त्याआधी काम नीट सांगायचं असतं, आणि आपण नेमके तिथेच ढिले पडतो. "रविवारी कॅम्प आहे, जास्तीत जास्त संख्येनं या" हा काही निरोप झाला नाही. माणूस येतो, दोन तास उभा राहतो, खुर्च्या लावतो, कोणी विचारत नाही, परत येत नाही. असं सांगा:

"रविवारी सकाळी ९ ते १२, शाळेच्या हॉलमध्ये डोळे तपासणी. आम्हाला सहा जण हवेत: दोघं नावनोंदणीला (अक्षर सुवाच्य हवं), तिघं रांगेतल्या वयस्कर लोकांना टेबलापर्यंत न्यायला, एक जण फोन करायला. पावणेनऊला येऊन मला भेटा, दहा मिनिटांत काम समजावते. चहापाणी आहे. बाराला नक्की सोडणार. यायला जमणार नसेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा, काही वाटून घेऊ नका, दुसऱ्या कोणाला तरी विचारता येईल."

शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. नाही म्हणायची मोकळीक असेल तर लोक खरं सांगतात, नाहीतर "येतो येतो" म्हणून ऐन वेळी फोन बंद. आणि बारा म्हणजे बारा, तुम्ही त्यांची वेळ पाळली नाही तर पुढच्या वेळी ते तुमची पाळणार नाहीत.

काम संपलं की त्याच संध्याकाळी कळवा: किती जण तपासले, किती जणांना पुढे ऑपरेशनला पाठवलं, आणि कोणी काय केलं ते नावानं. महिन्यानं त्या ऑपरेशनचं काय झालं तेही. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं बोलायला मिळालं. महिन्याभरानं बघितलं तर ते फोनवर दुपटीहून जास्त वेळ घालवत होते आणि निधीही खूप जास्त जमवत होते. ते पगारी होते, पण आपल्या व्हॉलंटियरला हे आणखी जास्त लागू होतं असं मला वाटतं. डेटा भरणाऱ्याला, पाकिटं चिकटवणाऱ्याला, हिशेब बघणाऱ्याला वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष कामाच्या जागी न्या, जे कॅम्पला असतात त्यांना काम दिसतं, मागे बसणाऱ्यांना काहीच दिसत नाही.

नवीन व्हॉलंटियरकडे पहिले काही महिने पैसे मागू नका. काम नसेल तेव्हा "या महिन्यात काही नाही, पुढच्या महिन्यात सांगते" एवढं तरी कळवा. आणि कोणी थांबतो म्हणालं तर भावनिक दबाव न आणता दहा मिनिटं बोला, का थांबताय आणि आम्ही काय वेगळं करायला हवं होतं, यातून जे कळतं ते कुठल्याही फीडबॅक फॉर्ममधून कळत नाही. ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, त्या दिवशी सगळ्यांना एकच पोस्टर पाठवण्याऐवजी प्रत्येकाला दोन ओळी वेगळ्या लिहा, त्यानं केलेल्या एका कामाबद्दल.

व्हॉट्सॲप, ईमेल वगैरे

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्या देणगीदारांना टाकू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कोणीतरी गुड मॉर्निंग सुरू करतं आणि कामाची बातमी वाहून जाते. ग्रुप फक्त चालू कामाच्या व्हॉलंटियरसाठी, काम संपलं की बंद. देणगीदारांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो), पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते मेसेज पोचतात आणि एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये नंबर सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, यादी मोठी असेल तर तो पर्याय बरा.

ईमेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते "टू"मध्ये टाकू नका, एका क्लिकमध्ये पूर्ण यादी सगळ्यांच्या हातात जाते. मेलिंगची सेवा वापरा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० हून जास्त मेल असतील तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही डोमेनची सेटिंग (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे दाखवणारी) आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय लागते. तुमचे मेल तेवढे नसले तरी ही सेटिंग करून घ्या, वेबसाइट बघणाऱ्या माणसाला सांगितलं की तो करून देतो. किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर फार विसंबू नका, २०२१ मध्ये ॲपलनं मेलमध्ये प्रायव्हसीची सोय आणल्यापासून न उघडलेले मेलही उघडल्यासारखे दिसतात.

जे वयस्कर देणगीदार ईमेल बघत नाहीत त्यांना फोन करा किंवा हातानं लिहिलेलं पत्र पाठवा.

"मला मेसेज नको" असं कोणी म्हटलं तर त्याच दिवशी नाव काढा आणि शीटमध्ये नोंद करा, नाहीतर पुढच्या मोहिमेत दुसरा कोणी त्यांना पुन्हा जोडतो. संस्था दुसऱ्यांना देणार असेल अशा यादीतून आपलं नाव काढून मागायचा, पैसे मागणारा माणूस व्हॉलंटियर आहे, पगारी आहे की भाड्यानं नेमलेला हे विचारायचा, प्रश्नाला सरळ उत्तर मिळवायचा हक्क देणगीदाराला आहे, असं अमेरिकेतल्या निधी उभारणीच्या संघटनांनी १९९३ मध्ये केलेल्या देणगीदारांच्या हक्कांच्या सनदेत लिहून ठेवलंय. ही सनद दहाच मुद्द्यांची आहे, आपल्या भाषेत करून ऑफिसात लावावी आणि नव्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी वाचायला द्यावी.

हे करणार कोण आणि जमतंय का कसं कळणार

"सगळ्यांनी मिळून करू" म्हटलं की कोणीच करत नाही. एका माणसाचं नाव ठरवा आणि त्याला आठवड्यातले दोन तास अधिकृतपणे द्या, त्या दोन तासांत दुसरं काम सांगायचं नाही. पैसे आल्यापासून दोन दिवसांत नवे आभार, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शीट सॉर्ट करून वरच्या दहा जणांना बातमी, तीन महिन्यांनी सगळ्यांना वृत्त. फील्डवर काम करणाऱ्यांनी त्याला दर आठवड्याला एक फोटो (परवानगी घेतलेला) आणि दोन ओळी पाठवायच्या, नाहीतर त्याच्याकडे लिहायला काही नसतं आणि मग पुन्हा शुभेच्छांची पोस्टर सुरू होतात.

मोजायचं काय? पहिल्यांदा दिलेल्यांपैकी किती जणांनी वर्षभरात दुसऱ्यांदा दिलं, आणि पहिल्यांदा आलेल्या व्हॉलंटियरपैकी किती जण तिसऱ्यांदा आले. लाइक आणि फॉलोअर मागे ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे उलट आलेले मेसेज मोजा: कोणी प्रश्न विचारला, कोणी "छान झालं" म्हणालं, कोणी रागावलं. ही उत्तरं दर महिन्याच्या मीटिंगमध्ये जशीच्या तशी मोठ्यानं वाचा, ट्रस्टी बसलेले असताना, आणि ज्याचं उत्तर अजून दिलं नसेल ते कोण देणार हे मीटिंग संपायच्या आधी ठरवा.